डाव्या स्पीकरमधले बाबा

बाबा गेल्यानंतर कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी घरी येत असत. हे वाक्य वाचून माझी बायको म्हणेल, झालं, लागलास तू रंगवायला. पण येत असत. दिवेलागणीला, मुलुंडच्या आमच्या जुन्या घरात, हॉलच्या डाव्या कोपऱ्यात, गॅलरीच्या दाराशी. यायचे आणि लगेच जायचे. चहा घ्या म्हणायलाही वेळ नसायचा.

त्यांना आणायचं काम एक सीडी करायची.

बाबा भजनात होते. कोकणातून आमच्यासारखी माणसं मुंबईत आली, गिरणीत लागली, गिरण्या गेल्यावर मिळेल तिथे चिकटली, पण भजनाचा वार काही चुकवला नाही. बाबांच्या मंडळात बुवा मधोमध पेटीवर, त्यांच्याशेजारी पखवाज, आणि मागे अर्धा गोल करून कोरस. बाबा कोरसात. तेही अगदी डाव्या टोकाला, कारण त्यांचा एक गुडघा दुमडायचा नाही आणि टोकाला बसलं की पाय भिंतीकडे सोडता यायचा. हातात झांज. बुवांनी ओळ म्हणायची, यांनी ती उचलायची. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याची ओळ उचलली. घरी आईची उचलायचे.

मंडळाला एकदा हौस आली आणि भजनाचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. देवळामागच्या हॉलमध्ये एक माणूस दोन माइक आणि एक काळी पेटी घेऊन आला. माइक त्याने मंडळासमोर डावी-उजवीकडे उभे केले आणि पंखे बंद करायला लावले. सगळ्यांनी घामाने निथळत भजन केलं. शेवटी गजर चढला, पखवाजाची शेवटची थाप पडली आणि सगळे एकदम थांबले. बाबा सोडून. गजराच्या शेवटच्या शब्दातला त्यांचा ‘ओ’ एकटाच आणखी थोडा पुढे गेला, त्यांच्याच झांजेच्या थरथरीखालून, आणि मग कुणीतरी कोपराने ढोसल्यासारखा बंद झाला.

रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं, “शेवटचं हे कापू का?”

बुवा म्हणाले, “ऱ्हवांदे. त्येका कोण आयकतलो?”

ऐकणारे आम्ही निघालो. प्रत्येक सभासदाला एकेक सीडी मिळाली, वर मार्करने मंडळाचं नाव लिहिलेलं. बाबांनी आमच्या म्युझिक सिस्टिमवर ती लावली आणि पाहुण्यांनाही सोडलं नाही. सगळं भजन मान डोलवत ऐकायचे, आणि गजर संपत आला की गुडघ्याचं दुखणं विसरून पुढे सरकून बसायचे. थाप पडायची, डाव्या स्पीकरमधून तो एवढासा ‘ओ’ यायचा, आणि बाबा समोरच्याकडे बघून म्हणायचे, “ह्यो मी.”

मी चिडवायचो, “बाबा, थांबायचं कळलं नाही तुम्हाला.”

“थांबान खंय जावचा असा?” ते म्हणायचे.

पुढे गेलेच. आणि मग आईने ती सीडी रोजची केली. देवापाशी दिवा लावायचा, सिस्टिमचं बटण दाबायचं, आणि स्वयंपाकघरात कणीक मळत एक कान बाहेर ठेवायचा. गजर चढला की हात पुसत येऊन दारात उभी राहायची. ‘ओ’ आला की म्हणायची, “इले,” आणि कुकर लावायला आत जायची. बाबांच्या येण्यावर आमचा कुकर लागत होता. आम्ही सगळे याला इतके सरावलो होतो की त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझी मुलगी तर लहानपणी मैत्रिणींना सांगायची, आमचे आजोबा वारलेत पण येतात संध्याकाळी. एका मैत्रिणीच्या आईने त्यानंतर मैत्रिणीला आमच्याकडे पाठवलं नाही.

मग बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली.

ज्यांनी हे केलंय त्यांना काय होतं ते सांगायला नको. सगळं आयुष्य खोक्यांत भरायचं आणि जवळपास कुठेतरी भाड्याने राहायला जायचं. आम्हाला मुलुंडमध्येच घर मिळालं, जुन्यापासून चालत जाण्याइतकं जवळ, पण लहान. त्यामुळे काय घ्यायचं आणि काय टाकायचं याची सभा रोज भरे. घरातला तांत्रिक माणूस मी. म्हणजे वायफाय गेला की राउटर बंद करून पुन्हा चालू करणारा. त्या अधिकारात मी जाहीर केलं की म्युझिक सिस्टिम घ्यायची नाही. तिच्या झाकणाला रबरबँड लावावा लागत होता आणि दोन स्पीकर मिळून एका माणसाची जागा खात होते.

“आणि तेंची सीडी?” आईने विचारलं.

“आई, आता सीडी लागत नाही कुणाला. सगळं फोनमध्ये असतं.”

ते खरंच फोनमध्ये होतं. गावच्या कुणा उत्साही माणसाने मंडळाचं भजन इंटरनेटवर चढवलं होतं. मी ते डाउनलोड करून घेतलं. चहा निवायच्या आत झालं. आईला दाखवलं, हे बघ, मंडळाचं नाव, हे बघ, बुवांचा फोटो. ती म्हणाली, “बरा.” भंगारवाला सिस्टिम घेऊन गेला. मला स्वतःचा अभिमान वाटला.

नव्या घरात पहिल्या संध्याकाळी खोकी तशीच होती. आईने त्यांच्या मधोमध दिवा लावला. मी डबीएवढा स्पीकर टीव्हीशेजारी ठेवला आणि फोनवरून भजन लावलं. खणखणीत वाजलं. गजर चढला, आई हात पुसत आली. थाप पडली. झांज वाजून गेली. भजन संपलं.

आई उभीच.

“लाव परत.”

परत लावलं. परत थाप, परत झांज, परत शांतता.

“ह्येच्यात ते नाय,” आई म्हणाली.

“अगं, तेच रेकॉर्डिंग आहे. मी ऐकला ना आता त्यांचा आवाज.”

“तुका सगळाच ऐकाक येता.” ती स्पीकरकडे बघत होती. “सगळे एकाच्या मांडयेर एक बसल्यासारके वाटतत. ते खंय बसले?”

मी आवाज वाढवला. स्पीकर आधी खिडकीत, मग डाव्या कोपऱ्यात ठेवून पाहिला. बायको म्हणाली, पंख्यालाही टांग एकदा. त्या दिवशी कुकर कधी लागला ते आठवत नाही, पण जेवायला फार उशीर झाला.

पुढचे काही दिवस ती रोज लावायला सांगायची आणि रोज तशीच उभी राहायची. मी रोज म्हणायचो, आला की गं. मला खरंच ऐकू येत असे, खोटं बोलत नव्हतो. मग तिने सांगणं सोडून दिलं. दिवा लावायची आणि खाटेवर बसून राहायची. बायकोने एकदा विचारलं, “आई, लावू का भजन?” तर म्हणाली, “नको गो. ते येणत नाय, मगे तेवढो आवाज कित्याक?”

आम्ही म्हटलं, जागा बदलली की म्हाताऱ्या माणसांचं असं होतंच. रुळेल.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर बायको दारातच चपला घालून उभी होती. आई घरात नव्हती. देवापाशी दिवा लावलेला, कणीक मळून झाकलेली, आणि आई नाही. बायको भाजीवाल्यांच्या बाजूला गेली, मी देवळात पाहिलं. मग माझे पाय आपोआप जुन्या बिल्डिंगकडे वळले.

बिल्डिंगला चारी बाजूंनी उंच निळे पत्रे लागले होते. आत दिवसभर तोडकाम चाले. दारं-खिडक्या आधीच काढून नेल्या होत्या, त्यामुळे पत्र्यांच्या वरून दिसणारे मजले डोळे काढल्यासारखे दिसत. वरचा स्लॅब गेला होता. आमचा मजला अजून होता. आमच्या गॅलरीचा गुलाबी रंग, जो मीच निवडला होता आणि ज्यावरून वर्षभर बोलणी खाल्ली होती, तो तिन्हीसांजेलाही ओळखू येत होता. पत्र्यातल्या फाटकाशी वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची होती आणि खुर्चीत आई बसली होती. रस्त्याकडे पाठ करून. तोंड पत्र्याकडे.

वॉचमन बाजूला उभा होता. मला म्हणाला, “तुमच्या आहेत का? आजी रोज येतात. मी विचारलं, कुणाला भेटायचंय? म्हणाल्या, घरच्यांना. म्हटलं, आजी, आत कुणी नाही आता. तर म्हणाल्या, म्हणूनच.”

मी वॉचमनला बाजूला करून पुढे झालो.

मी तिच्याजवळ उकिडवा बसलो. “आई, इथे कशाला येतेस गं? धूळ किती आहे.”

“तेंका नवीन पत्तो कोणी दिलो?” ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारावं तसं विचारलं. “येतले, बसतले, थय भजन लावक कोण नाय. आणि आता भिंतसुदा ऱ्हवाची नाय.”

“आई, बाबा काय तिथे…”

“माका ठावक असा ते गेले. माका नको शिकव.” मग माझ्याकडे वळून, “पण येयत होते ना रे?”

येत होते, हे मी इथेच सुरुवातीला लिहिलंय. तेव्हा मात्र मी तिच्या पदरावरची धूळ झटकत राहिलो. मी तिला उठवलं. वॉचमन म्हणाला, आणखी थोड्या दिवसांत हा मजला जाईल, मग मशीन येईल, मग आजींना इथे बसू देता येणार नाही. आई त्याला म्हणाली, “तोवर येतंय.”

माझी मुलगी अंधेरीला एका डबिंग स्टुडिओत काम करते. मालिकांमधल्या लोकांच्या तोंडचे श्वास पुसणं हे तिचं काम, असं मी नातेवाइकांना सांगतो आणि ती मला दुरुस्त करते. त्या रविवारी ती घरी होती. तिने माझ्या फोनमधलं ते भजन आपल्या लॅपटॉपवर घेतलं, मोठे हेडफोन चढवले आणि शेवटचा भाग ऐकला. परत ऐकला. मग हेडफोन गळ्यात टाकून माझ्याकडे बघितलं, तिच्या लहानपणी मी तिच्या प्रगतिपुस्तकाकडे बघायचो तसं.

“पप्पा, ही फाइल कुणीतरी फार लहान केलीय.”

“लहान कशी? भजन पूर्ण आहे की.”

“लांबी तेवढीच आहे. आतलं काढलंय. फोनवर पटकन उतरावी म्हणून.”

“आतलं म्हणजे?”

ती आजीशेजारी खाटेवर जाऊन बसली आणि तिलाच समजावू लागली. “आजी, सीडीवर जे वाजलं ते सगळं असतं. सगळं ठेवायला जागा खूप लागते. म्हणून एमपीथ्री करताना मशीन बघतं, मोठ्या आवाजाच्या खाली बारीक आवाज कुठला आहे. तो माणसाला तसाही ऐकू येत नाही असं धरतं, आणि टाकून देतं. थोडंच टाकलं तर काही कळत नाही. यांनी लई टाकलंय. वर डावी-उजवी बाजू एक करून टाकली. आणि झांज तर अशा फाइलला झेपतच नाही, तिचं पाणी होतं. आजोबा झांजेच्या खाली होते ना? मग गेले.”

आईने हे सगळं नीट ऐकून घेतलं. “आमका ऐकाक येणा नाय, ह्या मशीनाक कोणी सांगल्यान?”

“माणसांना ऐकवून बघूनच ठरवलंय गं ते.”

“माका खंय कोण ईचारूक इललो?”

मुलगी हसली. मी हसलो नाही, कारण बुवांचं बोलणं मला आठवत होतं. त्येका कोण आयकतलो. मंडळाच्या हॉलमधून वाचून आलेला आवाज शेवटी एका मशीनने त्याच कारणासाठी टाकून दिला होता, आणि मी ते मशीन कौतुकाने घरी आणलं होतं.

“डाउनलोड वाईट असतं असं नाही हां,” मुलगी म्हणाली. “सीडीवरून सगळंच्या सगळं उतरवून घेतलं तर सीडी आणि ते, काही फरक नाही. मी उतरवते. सीडी कुठाय?”

यावर बायको स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघू लागली.

नव्या घराला कबुतरांचा फार त्रास होता. मुंबईत कबुतरांवर सगळ्यांचा एकच उपाय, खिडकीत जुन्या सीड्या दोऱ्याने टांगायच्या. त्या वाऱ्यावर फिरतात, चमकतात, आणि कबुतरं घाबरतात अशी आपली समजूत. आल्याआल्याच बायकोने खोक्यातल्या साऱ्या सीड्या ओवून खिडकीबाहेर माळ लावली होती. मुलीच्या बालगीतांची, माझ्या कॉम्प्युटर शिकायच्या कोर्सची, कुणाच्या तरी लग्नाची. सगळ्यात खाली, सज्ज्यावरच्या विष्ठेपासून वीतभर उंचीवर, मंडळाचं भजन फिरत होतं. त्याच्या सावलीत एक कबूतर डोळे मिटून बसलं होतं.

“तूच म्हणालास, आता या काही कामाच्या नाहीत,” बायको म्हणाली.

“मी सगळ्या म्हटलं नव्हतं.”

“सगळ्याच म्हटलं होतंस. हात असा फिरवून.”

असा म्हणजे कसा ते तिने करून दाखवलं. हुबेहूब मी.

मी हात घालून सीडी सोडवली. मार्करचं नाव उडून गेलं होतं. ही काही दुकानातली छापील सीडी नव्हती, घरगुती कॉम्प्युटरवर भरलेली होती, आणि असल्या सीड्यांना ऊन चालत नाही, हे मुलीने सांगितलं तेव्हा मला कळलं. उन्हाळा सगळा या सीडीने खिडकीत काढला होता. मुलीने ती कापडाने पुसून स्टुडिओतून आणलेल्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह बराच वेळ घुरघुरला, थांबला, परत घुरघुरला आणि मग त्याने थाळी बाहेर सरकवली. परत घातली, परत सरकवली. नको असलेलं ताट परत करावं तसं.

आईने सीडी हातात घेऊन उजेडाला धरली. मधूनमधून तिचा चंदेरी रंग विरला होता. “आरपार दिसता,” ती म्हणाली. तिच्यातून आमच्या खिडकीचे गज दिसत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत पत्र्यांकडे गेली. या वेळी मी तिला आणायला गेलो नाही, सोबत गेलो. आमच्या शेजारच्या घराची भिंत पडली होती.

मंडळातले बहुतेक आता नव्हते, नाहीतर गावी जाऊन राहिले होते. घाटकोपरला पखवाज वाजवणारे काका होते, मुलाकडे राहणारे. मुलीला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी आधी चहा, मग भजी, मग मुलीचं लग्न, असा सगळा रस्ता चालवला. शेवटी मी सीडीचं काढलं. ते उठले, देव्हाऱ्यात हात घातला आणि देवांच्या तसबिरीमागून प्लास्टिकमध्ये तशीच बंद असलेली सीडी काढली. हळदकुंकवाची बोटं उमटलेली.

“कधी लावलीच नाहीत?” मुलीने विचारलं.

“माका कित्याक होयी? मीच वाजवलंय ना ता.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझो बापूस काय थांबायचो नाय रे. मी शेवटची थाप मारलंय काय ह्येचो आवाज मागसून. मी म्हणायचंय, मेल्या, थाप पडली काय संपला. तर म्हणायचो, तुझा संपला असात.”

ते हसले. हसता हसता पखवाजावर मारावा तसा त्यांचा हात मांडीवर एकदा पडला आणि तिथेच राहिला. मला उगाच वाटलं, आम्ही तिघंही पुढच्या आवाजाची वाट बघतोय.

“तुमची बिल्डिंग पाडली?” काकांनी विचारलं.

“पाडतायत.”

“मगे बेगीन लाव.”

त्याच संध्याकाळी लावली. मुलीने दोन छोटे स्पीकर आणले होते. ते तिने हॉलच्या दोन टोकांना मांडले आणि आजीला मधोमध खुर्चीत बसवलं. आई नको म्हणत होती, मी आपली दारात उभी राहते, पण मुलगी म्हणाली, इथून नीट येईल. दिवा लावला. ड्राइव्हने या वेळी काही कुरबुर केली नाही. पेटीचा सूर आला आणि मला पहिल्यांदा कळलं की आम्ही इतके दिवस काय ऐकत होतो. हॉलला मागची भिंत आली. बुवा समोर बसले, पखवाज त्यांच्या शेजारी सरकला. कुणीतरी खोकलं. बंद पंख्यांच्या हॉलमधली ती घामेजलेली दुपार आमच्या भाड्याच्या घरात येऊन पसरली. बायकोने नकळत आमचा पंखा बंद केला.

गजर चढला. काकांची थाप पडली.

आईने बोट वर केलं. उजव्या हाताचं पहिलं बोट, डाव्या स्पीकरकडे जरासं कललेलं. तिचा चेहरा असा सैल झाला, दिवसभर डोक्यावर धरलेलं ओझं कुणीतरी उतरवून घ्यावं तसा. “इले,” ती म्हणाली. तिने त्या कोपऱ्याकडे थोडा वेळ पाहिलं. तिथे आमच्या न उघडलेल्या खोक्यांची चळत होती. ती म्हणाली, “ती खोकी काढ रे थयसून. पाय खंय सोडतले?” आणि उठून कुकर लावायला गेली.

बायकोने डोळे पुसले. मुलगी माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो.

मला काही ऐकू आलं नव्हतं.

थाप ऐकू आली, झांज ऐकू आली, झांज संपताना ऐकू आली. त्यानंतर जे यायचं ते आलं नाही. मला वाटलं, माझं लक्ष नव्हतं. आई आत आहे असं पाहून मी मुलीला परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मग हेडफोन लावून. शेवटी तिला संशय आला.

“पप्पा, थांब, गंमत करू,” ती म्हणाली. कुकर लावून आई बाहेर आली तसं तिने आम्हा दोघांना स्पीकरसमोर बसवलं, लॅपटॉपकडे पाठ करून. ती कधी सीडी लावणार, कधी माझं डाउनलोड. कुठलं ते सांगणार नाही. आम्ही फक्त सांगायचं, आले की नाही.

ती लावत गेली. आई सांगत गेली. “नाय.” “इले.” “इले.” “नाय, ह्यो फोन.” मेथी निवडता निवडता, मान वर न करता. एकदाही चुकली नाही. मी मोठ्या आत्मविश्वासाने “आले” म्हणायचो तेव्हा नेमका फोन असायचा, आणि सीडी लागली की मी गप्प. आई म्हणाली, “ह्येका शाळेतसुदा असाच होयत होता.”

“वय वाढलं की बारीक आवाज आधी जातात कानातून,” मुलगी माझी समजूत काढत म्हणाली.

“आणि आजीचे?”

“आजीचं वेगळं आहे.”

तिने मला पडद्यावर त्या आवाजाचा आलेख दाखवला. थापेचा उंच सुळका, आणि त्याच्यामागे ओसरत गेलेली बारीक लव. “इथे काहीतरी आहे बघ. डाउनलोडमध्ये ही जागा जवळजवळ साफ आहे.”

“हे बाबा?”

तिने बराच वेळ बघितलं. रोज लोकांचे श्वास ओळखणारी मुलगी. “झांज पण असू शकेल. दोन्ही असेल. मला नाही सांगता येणार, पप्पा.”

म्हणजे नव्या घरात मी रोज “आला की गं” म्हणत होतो तेव्हा मला ऐकू येत होता तो त्या फाइलमध्ये नसलेला आवाज होता. आणि जुन्या घरात? तिथे बाबांच्या ‘ओ’पाठोपाठ आईचा “इले” यायचा. आता मला शपथेवर सांगता येणार नाही की शेवटच्या काही वर्षांत मी त्यातलं नेमकं काय ऐकत होतो. इतके दिवस मी नसलेलं तरी ऐकत होतो. खरं कानावर पडल्यापासून तेही बंद झालं. आता थाप पडली की मी आईच्या बोटाकडे बघतो. बोट वर झालं की समजतो.

आई पत्र्यांकडे जायची बंद झाली. मुलीने सीडीवरचं सगळं, काही न टाकता, आईच्या फोनमध्येही उतरवून दिलं, आणि आईला ते चालतं. सीडीच पाहिजे असा तिचा हट्ट नव्हताच. काकांची सीडी काकांच्या देवांकडे परत गेली. डावा कोपरा मोकळा केलाय आणि तिथे कुणी काही ठेवायचं नाही, भाजीची पिशवीसुद्धा नाही. कुकर वेळेवर लागतो.

आमचा मजला मध्यंतरी गेला. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी स्टेशनातून घरी येताना त्या गल्लीने आलो, उगाच, तिथून काही जवळ पडत नाही. पत्र्यांच्या वर नुसतं आकाश होतं. गुलाबी रंगाचे तुकडे आत कुठेतरी असतील. काम थांबलं होतं, मजूर हातपाय धूत होते.

वॉचमनने ओळखलं. “आजी बऱ्या आहेत ना? आल्या नाहीत इतक्यात.”

“बऱ्या आहेत. त्यांचं काम झालं.”

त्याने खुर्ची पुढे केली. मी नको म्हटलं. तो म्हणाला, बसा हो, दमून आलात. मग बसलो. तेव्हापासून अधूनमधून बसतो. बायकोला सांगितलेलं नाही. ती विचारेल, तिथे काय आहे, आणि तिथे काहीच नाही, हे मला माहीत आहे. मशीन बंद झाल्यावर तिथे जरा वेळ फार शांत असतं, इतकंच. मी ऐकत बसतो. थाप माझ्या डोक्यात मीच मारतो, आणि पुढे वाट बघतो.

परवा तसाच बसलो होतो तर बायकोचा फोन आला.

“कुठे आहेस? आईंनी भजन लावलंय.”

“येतोच आहे.”

“शेवटाला आणून थांबवून ठेवलंय त्यांनी, तुझ्यासाठी. म्हणतात तो आल्याशिवाय पुढे नको. ते अडकून बसलेत म्हणे थापेच्या अलीकडे.”

मागून आईचा आवाज आला, “घाय करू नको म्हणान सांग त्येका. रस्तो बघून ये म्हणा.”

मी म्हटलं, “लावा तुम्ही, पोचतोच मी.” वॉचमन चहाचा कप घेऊन येत होता. मी फोन खिशात ठेवला आणि खुर्ची आणखी थोडी पत्र्याकडे सरकवली.